कूलरच्या ताट्या बदलण्याआधी स्लॅब पांढरा करा: नागपूरच्या घराची बदलत्या हवामानासाठी तयारी

मे महिन्यात रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत जा, स्टुलावर चढा आणि छताला हात लावा. इस्त्री केलेल्या कपड्याला लावल्यासारखं वाटेल. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, तरी स्लॅब दिवसभर प्यायलेली उष्णता हळूहळू खाली सोडत असतो. रात्रभर कूलर चालवूनही सकाळी अंग आंबल्यासारखं का होतं, याचं उत्तर त्या छतात आहे.

नागपूरकरांना ऊन शिकवायची गरज नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, तेव्हाही लग्नं लागतच होती. पण आपली उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची सगळी घरगुती व्यवस्था दोन गृहीतकांवर उभी आहे. एक, उन्हाळा कोरडा असणार. दोन, पाऊस झडीचा असणार, दिवस-दिवस रिपरिपणारा. दोन्ही आता डळमळली आहेत. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. आकडा किरकोळ वाटतो, पण हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. मग उकाडा चिकट होतो, आणि तेच बाष्प कोसळतं तेव्हा एकदम कोसळतं. १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. आपण त्याच पट्ट्यात राहतो.

म्हणून ही कामं महिन्यांच्या क्रमाने लिहिली आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपण नेमकं उलटं करतो: आधी कूलर, मग एसी, आणि स्लॅबकडे कधीच पाहत नाही.

फेब्रुवारीचा शेवट: घर कुठून तापतं ते शोधा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. तीन-चार दिवस प्रत्येक खोलीत सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा वाजताचे आकडे वहीत लिहा. दुपारपेक्षा रात्री अकराचा आकडा जास्त बोलका असतो. एखादी खोली अकरा वाजताही बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच अंश गरम असेल, तर तिथे छत किंवा पश्चिमेची भिंत दोषी आहे.

इथे एक भूगोल ध्यानात ठेवायचा. नागपूर २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. नेमका नवतपाच, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. मार बसतो तो छताला, सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला. दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे लावून पश्चिमेची भिंत उघडी ठेवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमचंही त्यातलंच होतं.

होळीनंतरचा आठवडा: स्लॅब

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. राखाडी सिमेंट ऊन गिळतं, ताजा पांढरा चुना त्यातलं बरंचसं आल्या वाटेने परत पाठवतो. बाजारात उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात, ते टिकतातही जास्त. पण पैसे बेताचे असतील तर चुना पुरे आहे.

गच्ची आधी झाडून, तारेच्या ब्रशने शेवाळ घासून धुऊन घ्या. तडे दिसले तर ते आधी भरा, चुना तडे बुजवत नाही. चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्या. न गाळलेल्या चुन्यातले खडे वाळल्यावर पापुद्र्यासारखे सुटतात. त्यात पेंटवाल्याकडे मिळणारा पातळ गोंद मिसळा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात अर्धा चुना शेजाऱ्याच्या वाळवणावर जातो. लावायची वेळ संध्याकाळची. उन्हात लावला की पाणी उडून जातं आणि चुना भुकटी होऊन बसतो. लावण्याआधी स्लॅबवर पाणी शिंपडा. पहिला हात उभा मारा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा हात आडवा. हातमोजे आणि चष्मा घालाच. चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही.

हे दरवर्षी करावं लागतं, कारण पावसाळा चुना धुऊन नेतो. एप्रिलच्या मध्यात धूळ बसून तो मळतो, तेव्हा एकदा साध्या पाण्याने धुवा. आमच्या वरच्या खोलीत पहिल्या वर्षी रात्रीचा आकडा तीनएक अंशांनी उतरला. तुमच्याकडे कमीजास्त होईल, पण वहीत फरक दिसेल.

फ्लॅट स्कीममध्ये खरी अडचण चुन्याची नसते, माणसांची असते. तापतो तो सर्वात वरचा मजला, आणि खर्चाचा विषय निघाला की खालचे तीन मजले गप्प बसतात. सोसायटीच्या बैठकीत ‘गच्ची सगळ्यांची आहे, गळती झाली की सगळेच वर येता’ एवढं ऐकवून बघा. आमच्याकडे चाललं.

हिरवी जाळी बांधायची असेल तर ती स्लॅबवर अंथरू नका. दीड-दोन हात उंच बांधा, म्हणजे मधून हवा खेळते. बांधणी मात्र मजबूत हवी. एप्रिल-मे मध्ये दुपारचं वादळ कसं येतं ते ठाऊक आहेच. आमची पहिली जाळी नायलॉनच्या दोरीने बांधली होती. ती बांबूसकट मागच्या गल्लीतल्या विजेच्या तारांवर सापडली आणि अख्खी गल्ली तीन तास अंधारात बसली. तेव्हापासून लोखंडी चौकट आणि तार.

मार्च: पश्चिम बाजू

ऊन काचेतून आत आलं की पडद्याने अडवून फार फायदा नसतो, उष्णता खोलीत आलेलीच असते. ते काचेच्या बाहेर अडवायचं. बांबूची चटई, वाळ्याचा पडदा, जुनी जाड चादर, काहीही चालेल, फक्त खिडकीबाहेर. जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावा. भिंतीला लागून मधुमालतीचा वेल दोन वर्षांत सावली धरतो. गुलमोहर घराला खेटून नको, त्याच्या फांद्या वादळात काडीसारख्या मोडतात.

खिडक्यांचं वेळापत्रक घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: सकाळी साडेआठला सगळं बंद, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की सगळं उघडं. ती वेळ यंत्र सांगतं, साधारण दहाच्या पुढे.

एप्रिल: कूलर

आता कूलर. नागपूरचं हे कुलदैवत असल्यामुळे थोडं सविस्तर.

कूलर हवा थंड करत नाही, पाणी उडवतो, आणि पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून त्याचं सगळं भवितव्य हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. मे मध्ये बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ताट्यांचा (बाजूंना लावतात त्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्यांचा) कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. ही जादूच आहे आणि वीज लागते एसीच्या तुलनेत अगदी थोडी. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के झाली की तोच कूलर ३१ च्या खाली जात नाही, वर खोली दमट करतो. घाम वाळत नाही, आणि माणसाचं शरीर घाम वाळण्यावरच थंड होतं. आपल्या आजीच्या काळी हे चिकट दिवस थोडे असत. आता मे मध्येही अवकाळी पावसानंतर असे दिवस मध्येच घुसतात.

म्हणून नियम असा: यंत्रावर आर्द्रता ६० च्या पुढे दिसली की कूलरचा पंप बंद, फक्त पंखा चालू, खिडक्या उघड्या. खूप जण नेमकं उलट करतात. गारवा कमी वाटला की दारं-खिडक्या घट्ट लावतात आणि पंप जोरात चालवतात. अंगाला चिकटलेली चादर त्याचाच प्रसाद. कोरड्या दिवसांतही कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावीच लागते. हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येत नाही.

ताट्या दर हंगामाला बदला. लाकडाच्या किसाच्या स्वस्त असतात पण बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर पांढरा थर चढतो आणि हवा जात नाही. वाळ्याच्या महाग पडतात, पण तो वास! मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या जास्त टिकतात आणि अधूनमधून धुता येतात.

आता जी गोष्ट आपण हसण्यावारी नेतो ती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्यातली बरीच लहान पोरं. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पंपाची उसवलेली वायर, एवढं पुरतं. एकदा मी चालू कूलरमध्ये पाइप धरून पाणी भरत होते. पत्र्याला मनगट टेकलं आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर भागलं. तपासलं तर प्लगला तिसरी पिन होती, पण भिंतीतल्या त्या छिद्रामागे अर्थिंगची वायरच नव्हती. घर बांधल्यापासून नव्हती. मी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तीन कामं सांगा. कूलरच्या पॉइंटला अर्थिंग खरंच आहे का ते टेस्टरच्या भरवशावर न सोडता मोजून घ्यायचं. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. एमसीबी वेगळा, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही. आणि पंपाची वायर जोड नसलेली, सलग हवी. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. हे घरातल्या पोट्ट्यांनाही शिकवा.

आणि डेंगी. एडिस डास कूलरच्या टाकीत पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो. आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलर पूर्ण रिकामा करून टाकीच्या कडा ब्रशने घासायच्या. नुसतं पाणी बदललं तर अंडी तिथेच राहतात, कोरडी होऊनही काही महिने जिवंत असतात.

एसीला माझा विरोध नाही. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर एका खोलीत एसी असावा, २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावावा. मात्र स्लॅब पांढरा केल्याशिवाय एसी घेणं म्हणजे उघड्या दाराचं कुलूप बदलणं.

एप्रिल-मे: माणसं

घर तयार झालं, आता शरीर. त्याला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मार्च-एप्रिलची पहिली लाट म्हणूनच मेच्या शेवटच्या लाटेपेक्षा कधीकधी जास्त बाधते. पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांना भर दुपारी वरातीत नाचवू नका, ही कळकळीची विनंती.

हवामान खात्याच्या हिशेबात आपल्यासारख्या मैदानी भागात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ म्हणजे तीव्र लाट. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पिवळा-नारिंगी-लाल इशारा बघायची सवय लावा, व्हॉट्सअॅपवरचे आकडे नको. मे २०२४ च्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर तेच फिरत राहिलं. नंतर खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. तोवर आमच्या गल्लीत दोघांनी आईवडिलांना गावी पाठवायचं ठरवलंही होतं.

पन्हं, ताक, खिशातला कांदा हे सगळं आपल्याला येतं. कांद्याने खिसा वास मारतो, बाकी काही होत नाही. ताक-पन्ह्यात मीठ असतं, ते कामाचं. उन्हात घाम गाळणाऱ्याने नुसतं पाणी पीत राहणं पुरत नाही. घरचं मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. खोली ४० अंशांच्या वर गेली असेल तर कोरडा पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यांचं उन्हाळ्यात काय करायचं ते मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवा, स्वतः बंद करू नका. वीज गेली तर इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवता येतं.

‘ऊन लागलं’ हा शब्द आपण चक्कर येण्यापासून मरणापर्यंत सगळ्याला वापरतो. त्यात एक रेघ ओढा. चक्कर, मळमळ, गोळे आणि भरपूर घाम, पण माणूस नीट बोलतोय, तर सावली, मीठ-साखर पाणी, विश्रांती. पण अंग तापून फणफणलं आहे आणि माणूस असंबद्ध बडबडतो, अडखळतो किंवा झोपाळतो, तर हा उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे काही कामाची नाही. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पोहोचेपर्यंतची ती वीस-पंचवीस मिनिटंच खरा उपचार आहेत.

घरी काम करणाऱ्या ताईंची वेळ सकाळी सातला आणा. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला थंड पाण्याचा तांब्या पुढे करा.

मेचा शेवट ते सप्टेंबर: पाणी जायची वाट

२२ सप्टेंबर २०२३ ला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. नाग नदीच्या काठाजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याकडे सोळा भाज्यांचा स्वयंपाक झाला, रात्री उशिरा भांडी आवरली. पहाटे तिच्या सुनेचा पाय पलंगाखाली टेकला तो पाण्यात. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरी तलाव ओसंडला होता, आणि पाणी दारातून नाही तर आधी नहाणीतून आणि संडासातून वर आलं होतं. आत्या ओरडली, “आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे वर ने, फ्रिजचं मंग पाहू!” मुखवटे वाचले. फ्रिज, इन्व्हर्टर, दोन गाद्या आणि घराची रजिस्ट्री गेली. त्याच सकाळी मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या.

शंभर मिलिमीटर म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर सुमारे चौदा हजार लिटर पाणी. हे कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न मे मध्ये विचारायचा.

पहिलं, रस्ता उंच की तुमचं गेट? सिमेंट रस्ते झाल्यापासून कित्येक जुनी घरं रस्त्यापेक्षा वीतभर खाली गेली आहेत. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी घेऊन रस्त्याचा मधला भाग आणि घराचा उंबरठा मोजा. उंबरठा खाली असेल तर ओटा बांधून घ्या, किंवा दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाच बसवा, त्यात ऐनवेळी फळी सरकवता येते. फळीच्या फटीत ओला गोणपाट कोंबला की पुष्कळ पाणी थांबतं.

दुसरं, गटार. रस्त्यावरची लाइन तुंबली की ते पाणी उलटं तुमच्या घरात येतं. शेवटच्या चेंबरमध्ये प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी जाईल पण परत येणार नाही. झडपेत कचरा अडकतो, जूनच्या सुरुवातीला उघडून साफ करायची. तेवढं जमलं नाही तर वाळूच्या दोन पिशव्या भरून ठेवा आणि पाऊस धरला की नहाणी व संडासाच्या भांड्यावर दाबा. आत्याने आता दोन्ही केलं आहे.

तिसरं, वीज. तळमजल्याची सर्किट वेगळ्या एमसीबीवर घ्या आणि तो एमसीबी छातीच्या उंचीला हवा. इन्व्हर्टर स्टँडवर. पाणी आत आल्यावर ओल्यात उभं राहून मेन बंद करायला जाऊ नका.

कागदपत्रं जाड प्लास्टिक पिशवीत, वरच्या माळ्यावर, आणि फोटो मुलाबाळांच्या फोनमध्ये. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, तो तरंगतो. गाडीत पाणी गेलं असेल तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना सुरू केली की इंजिन कायमचं जातं, आणि विमा कंपनीही त्यावरून हात वर करू शकते. पॉलिसीत इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, ते नूतनीकरणाच्या वेळी बघा.

रात्री जागणार कोण, हेही ठरवा. नदी किंवा नाल्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका घराने खालच्या दहा घरांना फोन करायचा. त्या पहाटे आत्याच्या गल्लीत कुत्री भुंकत होती आणि सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच.

पाणी उतरल्यावर झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. पंचनाम्याला घर धुतलेलं असेल तर नुकसान दिसत नाही. अनवाणी चिखलात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय आणि तपासून घेतल्याशिवाय पाणी पिऊ नका.

हेच पाणी साठवताही येतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर गळती वजा जाता सत्तर हजार लिटरच्या आसपास हाती लागतं. जुनी विहीर असेल तर गच्चीचा पाइप गिट्टी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून तिच्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र बाहेर काढा, त्यात गच्चीची सगळी धूळ असते. चुना लावला असेल तर तोही.

ऑक्टोबर

कूलर रिकामा करून उन्हात पूर्ण वाळवा, ताट्या काढून टाका, टाकीला गंजरोधक रंग मारा. वहीतले आकडे पुढच्या फेब्रुवारीसाठी जपून ठेवा. आत्याने हॉलच्या भिंतीला नवा रंग दिला, पण पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने एक आडवी खूण केली आहे, शेजारी तारीख. नव्या फ्रिजचा ओटा तिने त्या खुणेपेक्षा एक वीत उंच बांधून घेतला.